देव तेवढा वाचला

१

जळालेल्या बाईचा जबाब घ्यायला जाताना पूर्णिमा इंगवले पर्समध्ये लवंग ठेवायची. वास चुकवायला नव्हे. दाढेखाली चावायला काहीतरी असलं की डोळ्यांत पाणी येत नाही, हा तिचा स्वतःचा शोध होता. नायब तहसीलदार झाल्यापासून लवंगा बऱ्याच संपल्या होत्या. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली, की पंचनाम्याला पोलिसांबरोबर तिच्यासारखं कुणीतरी लागतं, असा कायदा आहे. सात वर्षांनंतर बायका आपल्या हौसेनं जळतात, अशी सरकारची समजूत असावी.

१९९७ सालचा फाल्गुन. सोमवार. मंगळवार पेठेतल्या पट्टणशेट्टींची सून, विद्याश्री, वय चोवीस. सकाळी न्हाणीत पाणी तापवताना स्टो भडकला, असं घेऊन येणाऱ्यांचं म्हणणं.

खाटेवर लोखंडी कमानी लावून वरून चादर टाकली होती, अंगाला चिकटू नये म्हणून. चेहरा बराचसा वाचला होता, आणि तेच बघवत नव्हतं. पूर्णिमानं सगळ्यांना बाहेर काढलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. काचेपलीकडं सासरा नातीला खांद्यावर घेऊन उभा होता. दीड वर्षाची नीलू त्याचं उपरणं चोखत होती.

"कसं झालं हे, विद्याश्री?"

"स्टो भडकला."

"घरात कोण होतं?"

विद्याश्रीनं काचेकडं बघितलं. "मामा देवघरात. आत्ती नीलूला घिऊन मठात गेलत्या. हे दुकानाच्या कामाला."

"कुणावर संशय?"

"न्हाय. माझीच चूक."

पूर्णिमानं लिहून घेतलं: सासरा देवघरात, सासू मठात, नवरा कामाला. अशा जबाबांची तिला सवय होती. उठणार, तेवढ्यात चादरीखालून आवाज आला.

"बाई, नीलूला अव्वाकडं द्या."

"कुणाकडं?"

"माझ्या अव्वाकडं. जयसिंगपूरला."

परत नजर काचेकडं गेली. मग तिनं डोळे मिटले ते मिटलेच. पहाटे ती गेली.

पूर्णिमानं ते शेवटचं वाक्यही जबाबात लिहिलं होतं. फौजदारानं वाचून मान हलवली. "आईची माया, म्याडम. दुसरं काय?"

माया खरीच. पण घरात बाप होता, आजी होती, आजोबा तर पोरीला खांद्यावरून उतरवत नव्हता. अपघातानं मरणारी बाई आपली पोर स्वतःच्याच घरातून बाहेर काढायला का सांगेल?

२

शवागाराबाहेर मंगळवारी सकाळी दोन घरची माणसं दोन बाजूंना उभी होती आणि मधे पोर रडत होती.

विद्याश्रीची आई अंबूबाई जयसिंगपूरहून पहिल्या एस. टी.नं आली होती. विद्याश्रीचा बाप मागंच वारलेला. बाई एकटी, हातात पिशवी. पिशवीत नातीसाठी आणलेला फ्रॉक. लेक जिवंत असताना घेतलेला.

"हिनंच खाल्ली माझी पोर!" तिनं विहिणीकडं बोट केलं. "एक घटका मोकळी सोडत न्हवती. सासऱ्यासंगं माहेराला आली तरी मागनं येऊन बसायची. सावलीगत!"

विहीण म्हणजे रुद्राणी. हाडापेरानं थोराड, कपाळावर भस्माचे पट्टे, तोंड दगडाचं. ती पायरीवर बसून बशीतून चहा पीत होती. फुर्र करून. तो आवाज सगळ्या व्हरांड्यात ऐकू जात होता.

"बघा की," पूर्णिमाचा जीपवाला केरबा कानाशी कुजबुजला, "सून आत मढं होऊन पडल्या आन हिला बिस्कुट पायजे झालंय. आणि तो म्हातारा बघा, देवमाणूस. कालधरनं पाण्याचा घोट न्हाय घेतला. काल दवाखान्यात मीच चहा नेऊन दिला, तर हात जोडले. 'आज नको पावणं' म्हणाला."

सासरा भरमाप्पा भिंतीला टेकून उभा होता. ओठ सुकलेले, डोळे सुजलेले. पेठेत त्याला सगळे आप्पा म्हणत. कुणाच्या लग्नात भांडी कमी पडली की दुकानातली देणारा, रोज सकाळी गोड गळ्यानं संतांची वचनं म्हणणारा. त्याच्याभोवती माणसं जमली होती. रुद्राणीजवळ कुणीच नव्हतं. विद्याश्रीचा नवरा मल्लेश दोन्हींकडं न जाता नळाखाली मनगटं धरून उभा होता.

पूर्णिमानं लवंग दाढेखाली धरली आणि आत गेली. मंगळसूत्राचे मणी गळ्याच्या कातडीत रुतून बसले होते, वाट्या काळ्या पडल्या होत्या. डोक्याला मागं खोक होती. डॉक्टर म्हणाले, "पडताना लागली असेल."

बाहेर आली तर अंबूबाई विचारत होती, "माझ्या पोरीचं लिंग कुठाय?"

"लिंगायत हायत, साहेब," केरबानं सांगितलं. "जल्मल्यापासनं गळ्यात असतंय. मेल्यावर बी डाव्या हातात दिऊनच बसवत्यात मातीत. आपल्यागत जाळत न्हाईत."

भरमाप्पा पुढं आला. त्यानं विड्याच्या पानावर नव्या पांढऱ्या फडक्यात ठेवलेलं लिंग अंबूबाईसमोर धरलं. स्वतःचं बोट लागू न देता, पानासकट. फडकं उलगडलं गेलं. जांभळाएवढं, काळंभोर, चकचकीत. अंबूबाईनं ते कपाळाला लावलं आणि हंबरडा फोडला.

पूर्णिमानं पंचनाम्यात लिहिलं: मयताचे गळ्यातील लिंग, काळे, चकचकीत, सासरे यांनी हजर केले. लिहिताना काहीतरी टोचलं. जेवताना दातात केस यावा तसं. काय, ते मात्र तिला कळलं नाही.

दुपारी विद्याश्रीला बसवून माती दिली. निघताना अंबूबाईनं नातीकडं हात पसरले. नीलू झेपावली. तोच भरमाप्पानं तिला मागं ओढून छातीशी धरलं आणि हुंदका देत म्हणाला, "एवढी एकच खूण राहिली माझ्या घरात. ही मी कुणाला देणार न्हाय."

त्याचं रडणं खरं होतं, हे बघणाऱ्या प्रत्येकाला पटलं. पूर्णिमालाही.

३

पट्टणशेट्टींचं घर अरुंद आणि लांबलचक. पुढं सोपा, मधे देवघर, मागं स्वयंपाकघर आणि टोकाला न्हाणी. न्हाणीतल्या भिंती काळ्या झाल्या होत्या. स्टो मात्र कोपऱ्यात शहाण्यासारखा बसला होता. पितळी, घासलेला. टाकी शाबूत आणि काठोकाठ भरलेली. रॉकेलचा डबा आडवा पडला होता, रिकामा.

"स्टो काय भडकलेला न्हाय," फौजदार म्हणाला. "ओतून घेतलंय तिनं. आणि मरताना सासरची अब्रू राखली. अशा बायका असत्यात, म्याडम. बंद करू फाईल."

"आणि डोक्यातली खोक?"

"पेटल्यावर माणूस काय सतरंजीवर पडतंय व्हय?"

पूर्णिमा न्हाणीच्या दाराकडं बघत होती. दार जुनं, मोडकं. पण आतून बसवलेली कडी नवी होती, चांगली अंगठ्याएवढी जाड. तिजोरीला शोभावी अशी.

शेजारच्या तानाबाईंना बोलवायला लागलं नाही. त्या आधीच परसातल्या भिंतीवरून कोपरं टाकून उभ्या होत्या.

"ती कडी? रुद्राणीनं बसवून घेतल्या दसऱ्याला. सुतारासंगं भांडून. 'ह्याच्यापेक्षा मोठी न्हाय का?' म्हणून इचारत हुती. मी म्हटलं, अगं काय हत्ती डांबायचाय का आत? तर बोलली न्हाय. तिला कुठली हौस बोलायची!"

"सुनेशी कशी होती?"

"सारखी मागं. मल्लेश परगावी गेला की सुनंच्या खोलीत अंथरूण टाकून झोपायची, दाराला पाय लावून. पोरगी पळून जाईल जशी! आम्ही आपलं हसायचो. तरणीताठी पोर, तिला जरा एकटं सोडावं की न्हाय?"

"सोमवारी काय झालं?"

तानाबाईंचा आवाज उतरला. "किंचाळी आली. पळत गेलो तर ही दारात उभी. मठातनं आलेली, पोरगी कडेवर. आत सून जळायलीया, आप्पा घोंगडं टाकून इझवायलाय, आणि ही बया उंबऱ्यावर खांब होऊन उभी. आत पाऊल टाकंना! बाई, मी कुणाच्या वाईटावर न्हाय. पण जिच्या डोळ्यांदेखत सून जळते आणि जी हलत न्हाय, ती बाई कसली?"

४

मल्लेश दुकानात होता. कळशीच्या पोटावर नाव घालायचं यंत्र समोर घेऊन बसला होता, नुसताच.

"सोमवारी कुठं होता?"

"पन्हाळ्याला. हॉटेलच्या ऑर्डरीला."

"हॉटेलचं नाव?"

त्याला नाव येईना. आधीच पातळ चेहरा आणखी पातळ झाला. "मी मारलं न्हाय तिला, म्याडम."

"मारलं असं मी म्हटलंच नाही."

मग शर्टाच्या आतल्या खिशातून त्यानं किल्ली काढून काउंटरवर ठेवली. नवी किल्ली, सुतळीला बांधलेली.

"जयसिंगपूरला गेलतो. भाड्याची खोली बघायला. बघितली, कुलूप बी घातलं. ती किती दिस मागं लागलीती, वेगळं ऱ्हाऊ या म्हणून. का, ते सांगायची न्हाय. नुसतं म्हणायची, वेगळं ऱ्हाऊ या. मला वाटायचं, आईच्या जाचानं. आप्पास्नी सांगायचं धाडस हुईना माझं. तीच म्हणाली, तुम्ही खोली घेऊन या, मी सांगते मामास्नी." त्यानं डोळे पुसले. "खोलीला खिडकी हाय म्हणून सांगायचं हुतं तिला. खिडकी पायजे म्हणायची."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. गळा मोकळा.

"तुमचं लिंग?"

"कॉलेजात असताना काढलं. देवघरात खुंटीला हाय. माझा न्हाय बसत इश्वास. आप्पा त्यावरनं दोन वर्षं बोलत न्हवते."

घरी रुद्राणी उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. मधेच एखादी भाकरीची कड तोडून तोंडात टाकत होती.

"सोमवारी तुम्ही दारात का उभ्या राहिलात? आत का गेला नाहीत?"

"पोरगी कडेवर हुती."

"खाली ठेवता आली असती."

रुद्राणीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "कुणाजवळ ठिवू?"

"आप्पा होते की घरात."

म्हातारीनं मान खाली घातली आणि तांदळातला खडा उचलून लांब फेकला. "मी काय सांगायचं? तिनंच सांगिटलंय न्हवं तुमास्नी. मेल्या माणसाच्या पुढं जिवंत माणसाचं कोण ऐकतंय?"

भरमाप्पा देवघराबाहेर चटईवर बसला होता. मांडीवर नीलू झोपली होती. त्यानं पूर्णिमासाठी ताक मागवलं, स्वतः घेतलं नाही. ओठांवर साल धरलं होतं.

"आप्पा, थोडं काहीतरी घ्या. असं कसं चालेल?"

"परवाच्याला स्वामी येणार हायत मठातनं. त्यांच्या हातचं पाणी घिईन मग." आवाज अगदी मऊ. "लेक हुती ती माझी."

ती उठता उठता सहज म्हणाली, धीर द्यायला म्हणून. "निदान तिचं लिंग तरी तिच्याबरोबर गेलं. सापडलं हे बरं झालं."

"सापडायचं काय त्यात? गळ्यातच हुतं की. आमच्यात ते उतरत न्हाय, बाई. घोंगडं टाकून इझवलं आणि मग मीच माझ्या हातानं काढून घेतलं. म्हटलं, दवाखान्याच्या गर्दीत कुठं जाईल."

बाहेर केरबानं जीप सुरू केली. "साहेब, फौजदार म्हणालेत, परवा कागद बंद. पोरगी बापाकडंच. म्हंजे हितंच, आप्पाजवळ. चांगलं झालं. म्हातारा जीव लावतोय."

पूर्णिमानं मागं वळून बघितलं. म्हातारा झोपलेल्या पोरीच्या पायावरून हात फिरवत होता. आणि उंबऱ्यावरून रुद्राणी त्या हाताकडं बघत होती, भाकरी चावायची थांबवून.

५

जयसिंगपूरला अंबूबाईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि तुळशीएवढं अंगण. पूर्णिमा पोचली तेव्हा तिची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर बेलाचं पान, समोर समई. पूर्णिमा भिंतीपाशी गुपचूप बसली. पूजा होता होता तळहात समईच्या जरा जवळ गेला, तशी अंबूबाईनं तो झटकन मागं घेतला.

"चटका बसला?"

"मला न्हाय, देवाला." रडून रडून बाईचा आवाज बसला होता, तरी ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "वरचं काळं लेपण असतंय न्हवं, राळेचं, तुपाचं. जाळाजवळ नेलं की मऊ पडतंय, चमक जाती. विद्यानं लहानपणी एकदा चुलीपुढं वाकून घालवलीती. दोन दिस रडली, देव भाजला म्हणून."

पूर्णिमाच्या दातातला केस निघाला.

ती हळू बोलली, एकेक शब्द चाचपत. "अंबूबाई, विद्याश्रीचं लिंग कशात असायचं? चांदीच्या डबीत?"

"कुठली चांदी आमच्याकडं? सुती फडक्यात बांधून, सुती दोऱ्यात. दर संक्रांतीला मी बदलून द्यायची."

सुती फडकं, सुती दोरा. गळ्यात. आणि त्याच गळ्यात मंगळसूत्राचे मणी कातडीत रुतलेले, सोनं काळं झालेलं. मग त्यांच्याशेजारचं ते लिंग तेवढं आरशासारखं कसं राहिलं?

"तिनं आपल्या हातानं उतरून ठेवलं असेल? जीव द्यायच्या आधी?"

"माझी पोर?" अंबूबाई ताठ झाली. "ताप आला, बाळंत झाली, तरी उतरलं न्हाय तिनं. जीव द्यायचाच असता तर त्याला घट्ट धरून दिला असता. मरताना ते हातात पायजे, म्हणून तर जल्मभर गळ्यात बाळगायचं, बाई."

"आणि दुसऱ्या कुणी काढलं तर?"

"दुसऱ्याच्या लिंगाला हात न्हाय लावायचा. चुकून लागला तर जुनी माणसं अन्नपाणी सोडत्यात. स्वामींनी येऊन पाणी दिल्याशिवाय तोंडात थेंब घेत न्हाईत."

बाहेर कुणीतरी पोराला हाका मारत होतं.

"पण सून गेली म्हणून सासऱ्यानं उपास धरला तर? सुतकाचा?"

अंबूबाईनं तिच्याकडं नवलानं बघितलं. "आमच्यात मेल्याचं सुतक पाळत न्हाईत, बाई. शिवाकडं गेलेल्याचं सुतक कसलं?"

म्हणजे तो उपास विद्याश्रीसाठी नव्हता. आणि धरला होता सोमवारी, ती जिवंत असताना.

६

स्वामी यायच्या दिवशी पट्टणशेट्टींच्या सोप्यात सगळे जमले. पूर्णिमानं स्वामींना निरोप पाठवून जरा उशिरा यायला सांगितलं होतं. अंबूबाई दाराशी बसली. मल्लेश खांबाला टेकून. रुद्राणी आतल्या उंबऱ्यावर. फौजदार घड्याळात बघत होता. भरमाप्पाच्या मांडीवर नीलू होती, आणि तिच्याही गळ्यात चिमुकल्या फडक्यात बांधलेलं लिंग होतं.

"मला फक्त एक गोष्ट समजून घ्यायचीय," पूर्णिमा म्हणाली. "विद्याश्रीच्या अंगावरचं सगळं जळालं. लुगडं, बांगड्या, मणी. लिंग तेवढं जळालं नाही. समईच्या धगीनं ज्याची चमक जाते, ते अख्ख्या जाळातून चकचकीत बाहेर आलं. असं कधी होईल?"

"देवाची करणी," भरमाप्पा म्हणाला.

"किंवा माणसाची. काडी ओढायच्या आधीच ते कुणीतरी काढून घेतलं असेल तर. तिनं स्वतः ते कधी उतरवलं नाही. म्हणजे दुसऱ्यानं. आणि ती तेव्हा विरोध करायच्या अवस्थेत नव्हती. डोक्याला मागं खोक आहे." ती मल्लेशकडं वळली. "हे मल्लेशनं केलं असतं, तर लिंगाचा विचारही मनात आला नसता. स्वतःचं खुंटीला टांगलेला माणूस दुसऱ्याचं कशाला वाचवेल? ज्याची श्रद्धा पक्की, त्याच्याच हातून ही चूक होते. या घरात अशी माणसं दोन."

अंबूबाईचे डोळे रुद्राणीवर रोखले गेले. फौजदाराचेही.

"मलाही आधी तेच वाटलं," पूर्णिमा म्हणाली. "पण दुसऱ्याच्या लिंगाला हात लागला की जुनं माणूस अन्नपाणी सोडतं. रुद्राणीबाई त्या दिवसापासून जेवतायत. चहा पितायत. सगळ्या पेठेनं त्यांना नावं ठेवली त्यासाठी. पाणी सोडलं ते एकाच माणसानं. विद्याश्री जिवंत होती तेव्हापासून."

भरमाप्पाचा हात नीलूच्या पाठीवर तसाच होता.

"मी सांगिटलं न्हवं तुमास्नी. इझवल्यावर मीच काढलं. हात लागला, म्हणून पाणी सोडलं."

"विझवल्यावर काढलं असतं, तर त्याची चमक गेलेली असती. आप्पा, तुमच्यात जाळत नाहीत. ते अजून तिच्या डाव्या हातात आहे, जसंच्या तसं. उकरून बघायला लागेल आता."

"उकरून?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बसवलेल्या जीवाला उठवणार? पाप हाय ते!"

"तिला जाळणं पाप नव्हतं?"

म्हाताऱ्यानं बायकोकडं बघितलं. नजर मऊच होती, पण तिच्यात हुकूम होता. "रुद्राणी. तू काढून ठिवलंतंस न्हवं? सांग त्यांना."

रुद्राणी उठली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. सोपा ओलांडून ती नवऱ्यासमोर आली आणि वाकून त्याच्या मांडीवरची पोर उचलून घेतली. पोर कडेवर आल्यावरच तिनं तोंड उघडलं.

"मी मठातनं आले. दार उघडून बघते तर हा देवघराकडनं न्हाणीकडं चाललेला, घोंगडं घिऊन. आत ती किंचाळत हुती. देवघरात पाटावर तिचं लिंग हुतं. बेलाचं पान वाहिलेलं वर. ते बघिटलं आणि सगळं कळलं मला. आत जायचं तर पोर खाली ठिवाय लागणार. कुणाजवळ ठिवू?"

"आई, काय बोलतीस तू?" मल्लेश पुढं आला.

"तू गप बस. तुला कधी दिसलंय काय?" म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "तिच्या मागं मागं फिरायची मी. दाराला पाय लावून झोपायची. कडी बसवून घेतली. पेठ म्हणायची सासू छळती. म्हणू दे म्हटलं. तिला ठावं हुतं मी कशापायी फिरत्या. माझ्या हातानं केस विंचरून घ्यायची. सोमवारी तीच म्हणाली, आत्ती, आज तुम्ही जावा मठात, दोन दिसांत आम्ही जाणार हितनं, आता कसलं भ्या? मी गेले. एकदाच गेले."

अंबूबाईच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो शब्द नव्हता.

"जाणार म्हणून सांगाय आली," भरमाप्पा बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. तो भिंतीकडं बघत होता. "म्हणाली, अडवलंत तर मठात सगळ्यांसमोर सांगीन. मी नुस्ता हात धरला. ढकलली तिनं मला. मी बी ढकललं. न्हाणीतल्या दगडावर पडली. हलंना. मला वाटलं, जीव गेला. जीव गेलेलंच जाळायला गेलो मी, फौजदार."

"मग लिंग कशाला काढलंस, भडव्या?" फौजदाराचा तोल गेला.

भरमाप्पानं त्याच्याकडं बघितलं. प्रश्न खरंच कळला नाही अशा चेहऱ्यानं.

"देव जित्ता हुता की," तो म्हणाला. "त्याला कसा जाळायचा?"

७

म्हाताऱ्याला नेताना पेठेतली माणसं दारादारात उभी होती. तानाबाई भिंतीमागं होत्या, पण कोपरं आज वर नव्हती.

पूर्णिमाला आता ती काच दिसत होती. खाटेवरून दिसली असेल तशी. काचेपलीकडं तो, त्याच्या खांद्यावर पोर, पोरीच्या तोंडात त्याचं उपरणं. पोरगी त्याच्या हातात असताना आई दुसरं काय सांगणार? स्टो भडकला. माझीच चूक. आणि मग, जितकं धाडस शिल्लक होतं तितकं गोळा करून, एक वाक्य.

लवंग संपली होती. रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

मल्लेश सोप्यात भुईवर बसला होता. त्यानं पोरीकडं हात केला नाही. "मला न्हाय सांभाळायला यायची," एवढंच म्हणाला. सुतळीची किल्ली बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

रुद्राणीनं नीलूचं तोंड धुतलं, केस विंचरले, अंबूबाईनं आणलेला फ्रॉक घातला. तो दंडाला जरा घट्ट झाला. मग पोरीला घेऊन ती अंबूबाईसमोर उभी राहिली. दोघी विहिणी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीनं बोट दाखवलं होतं, दुसरीनं तोंड उघडलं नव्हतं. दोघींनाही ते आता फेडता येणार नव्हतं.

"रात्री दुधाबिगर झोपत न्हाय," रुद्राणी म्हणाली. "कानाला हात लावून झोपती. विद्याच्या. आता तुमच्या लावील."

अंबूबाईनं पोरीला घेतलं. नीलूनं तिच्या कानाची पाळी धरली.

जीपपर्यंत रुद्राणी मागनं आली, सवयीनं, सावलीसारखी. केरबानं दार लावायला घेतलं, तसा तिनं ते हातानं अडवलं.

"ईणबाई, एक इचारू?"

"इचारा."

"तुमच्या न्हाणीला आतनं कडी हाय न्हवं?"

अंबूबाईनं मांडीवरच्या पोरीकडं बघितलं. घरात ती, आता ही पोर. तिसरं कुणी नव्हतंच, की ज्याच्यामुळं कडी लागावी.

"बसवून घेते," ती म्हणाली. "मोठी बसवून घेते."

रुद्राणीनं मान हलवली आणि दार सोडलं.